शिवेवरची हाक

फार फार वर्षांपूर्वी, दाट रानाच्या तोंडाशी एक गाव होतं. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, त्या गावाला रानाची भयंकर भीती वाटे. रान माणूस गिळतं आणि त्याच्या रूपात भलतंच काही परत धाडतं, अशी त्यांची समजूत. म्हणून वर्षातून एकदा, भर दुपारी, सारं गाव शिवेच्या दगडापाशी जमे. पाटील एकेकाचं नाव तीनदा पुकारी आणि ज्यानं त्यानं स्वतः 'आहे' म्हणायचं. जो म्हणणार नाही, तो माणूस नव्हे. त्याला तिथंच सोडून गाव मागे न पाहता परते.

लहान मुलांसाठी आई उत्तर देई, पण फक्त सात वर्षांपर्यंत.

सगुणा नावाच्या मुलीचे डोळे आणि कान तान्हेपणीच तापात गेले होते. सात वर्षं तिच्या वतीनं आईच 'आहे' म्हणत आली. पुढच्या हाकेला सगुणा आठ वर्षांची होणार होती. आईच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी तिनं दोर वळणाऱ्या म्हातारीचे पाय धरले.

म्हातारी म्हणाली, "हिला बोलतं करणं माझ्या हातात नाही, बाई. पण हिचे हात रिकामे आहेत."

दर वेळी भाकरी देताना तिनं सगुणाच्या हातात एक गाठ मारलेली सुतळीही ठेवायला सुरुवात केली. सगुणा भाकरी खाई आणि सुतळी भिरकावून देई. चार महिने असेच गेले. एके दिवशी मात्र भुकेल्या सगुणानं जमीन चाचपून तीच सुतळी शोधली आणि आईच्या हातात आणून दिली. आई ढसाढसा रडली.

मग सगुणा थांबेचना. पाण्याची गाठ, शेळीची गाठ, आईची गाठ. तळहातावर बोटानं काढलेल्या खुणाही ती शिकली. एकदा तिनं विचारलं, आईचा हात सारखा का कापतो? म्हातारीला सगळं सांगावं लागलं. त्या दिवसापासून सगुणा एक सुतळी घेऊन तिला गाठी मारत बसे.

हाकेचा दिवस उजाडला. नाव पुकारताना त्या माणसाला कुणी शिवायचं नाही, असा नेम होता. आईनं तिला पाटलासमोर उभं करून हात सोडला, तसं सगुणानं ओळखलं की आपली वेळ आली.

पाटलानं एकदा हाक मारली, दोनदा मारली. गाव मागे सरकू लागलं. सगुणा अडखळत पुढे गेली. तिनं पाटलाचा हात चाचपून धरला आणि त्यात एक गाठाळ सुतळी ठेवली. म्हातारीनं ती वाचून दाखवली, "मी आहे. हाक मारायची तर माझ्या हातावर मारा."

ही रानाचीच चाल आहे, हिला सोडा आणि निघा, असं लोक म्हणू लागले.

पाटील हलला नाही. तो दहा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी याच दगडापाशी त्याच्या धाकट्या बहिणीला तीन हाका मारल्या होत्या. ती बहिरी आहे हे त्याला ठाऊक होतं, पण भीतीनं त्याची वाचा बसली होती. गाव परतताना त्यानं नेम मोडून मागे पाहिलं, तेव्हा खेळ समजून ती हसत उभी होती.

तो म्हातारीला म्हणाला, "हिचं नाव हातावर कसं काढायचं, ते मला दाखव."

मग बोटानं त्यानं तिसरी हाक सगुणाच्या तळहातावर मारली. सगुणानं त्याचा तळहात उघडला आणि त्यावर 'आहे' काढलं. पाटील सगळ्यांदेखत रडला.

त्या वर्षापासून हाक हातावरही मारली जाऊ लागली. सगुणा मोठी झाली. तिनं आपली हकिकत गाठींमध्ये लिहिली, बैलाच्या कासऱ्याहून लांब. तो ग्रंथ खांद्यावर टाकून ती रानाकाठच्या गावागावांत गेली आणि प्रत्येक शिवेवर भांडली. म्हातारपणी पाटलानं तिला विनवलं, माझ्या बहिणीचंही नाव यात घाल. सगुणानं ते अगदी सुरुवातीला घातलं. तिचा ग्रंथ हाती घेणाऱ्याच्या बोटांना आधी ती मुलगी लागते.

तात्पर्य : उत्तर आलं नाही म्हणून माणूस नाही असं ठरवू नये, आधी आपली हाक त्याच्यापर्यंत पोचली का, ते पाहावं.