तळाचं पाणी

चूक आप्पा कावळ्याची होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी उन्हाला दोष द्यायला नको. फार जुन्या एका उन्हाळ्यात ओढा आटला आणि माळावर पाणी उरलं ते एका टाकून दिलेल्या माठात, अगदी तळाशी. आप्पा आणि बाकीचे कावळे त्याभोवती जमले होते, तिथं आप्पाची नात चिंगी धापा टाकत आली. तिचं पिल्लू घरट्यात चोच वासून पडलं होतं.

"खडे टाका," आप्पा म्हणाला. "पाणी वर येतं. आपल्या पूर्वजानं असंच केलं होतं."

"आप्पा, त्या गोष्टीतला माठ अर्धा तरी भरलेला असणार. इथं पाणी चोचभर आहे, ते खड्यांच्या फटींतच बसेल. त्यापेक्षा सगळे मिळून माठ कलंडवू. खाली खडकात खळगा आहे, पाणी त्यात साचेल."

"काल अंड्यातून बाहेर आलीस आणि मला गोष्ट शिकवतेस?"

कावळ्यांत रीतच अशी, की म्हाताऱ्यानं पहिला खडा टाकला की बाकीच्यांनी चोच उघडायची ती खडा उचलायलाच. आप्पानं खडा टाकला. सगळे मुकाट्यानं कामाला लागले. चिंगीसुद्धा. माठ गळ्यापर्यंत भरला, पण पाणी काही दिसेना.

"आता तरी कलंडवा!" चिंगी ओरडली. सगळ्यांनी धडका दिल्या. खड्यांनी जड झालेला माठ जागचा हलला नाही.

"खडे नीट गोल नव्हते," आप्पा म्हणाला.

आप्पाला एकच पणतू होता. तो संध्याकाळी मेला.