वहीत न चढलेला शब्द

"…बरं, आणि 'ब्रिलियंटली'? त्याचा अर्थ काय?"

विश्वंभर सरसावून बसला. हाच शब्द निघावा म्हणून तर पठ्ठ्या सकाळपासून देव पाण्यात घालून बसला होता! वक्तृत्व स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर परीक्षकांनी त्याच्याबद्दल नेमका हाच शब्द लिहिला होता. ते प्रमाणपत्र त्यानं चौकट करून घरात दारासमोर लावलं होतं, आल्यागेल्याला दिसावं म्हणून.

ओतूरकर मास्तर इंग्रजीचे. निवृत्त झाल्यापासून गावाबाहेरच्या मठात राहायचे, येईल त्याला शिकवायचे. चाळीस वर्षं हातानं लिहिलेली त्यांची शब्दांची वही आज ते शिष्याच्या हवाली करणार होते. विश्वंभरशिवाय दुसरा लायक होताच कोण? निदान विश्वंभरला तरी कुणी दिसत नव्हता.

मास्तरांची पद्धत मात्र एकच. शब्द समोरच्या माणसासाठी वापरल्याशिवाय वहीत चढायचा नाही.

"दोन अर्थ, मास्तर," विश्वंभर घडाघडा म्हणाला. "एक, लखलखीतपणे. दिव्याला, हिऱ्याला. दुसरा, अप्रतिम कौशल्यानं. गाण्याला, खेळाला, भाषणाला."

"छान. वापरून दाखव."

"मी ब्रिलियंटली बोललो."

"…आणखी?"

"मी पेपर ब्रिलियंटली सोडवला. मी…"

"इथल्या कुणासाठी तरी वापर."

विश्वंभर हसून म्हणाला, "मास्तर, तुम्ही ब्रिलियंटली शिकवता!"

"मस्का नको."

आता आली का पंचाईत! अंगणात दुसरं होतं कोण? फक्त सुंदराबाई. चिंच आणि राख घेऊन मठाच्या समया घासत बसलेल्या. एवढा मोलाचा शब्द, तो यांच्यावर घालवायचा? विश्वंभरच्या अगदी जिवावर आलं. पण वहीचा प्रश्न होता.

"बाई," तो तिथूनच ओरडला, "समया ब्रिलियंटली घासल्यात हो!"

"म्हंजी?"

"म्हणजे… फार झकास. लखलखीत."

बाईंचे हात थांबले. वीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. त्या लाजल्या, मनापासून सुखावल्या. एक समई उचलून त्यांनी उन्हात धरली, फिरवून फिरवून पाहिली.

"कुठलं हो दादा! ही बघा, बुडाला काळीच ऱ्हायलीया."

आणि त्या पुन्हा घासायला लागल्या.

विश्वंभरला हसू आवरेना. कौतुक झालं तरी बाईला ते घेता येईना! त्यानं ऐटीत दोन्ही हात पुढं केले.

"झालं, मास्तर. द्या वही."

मास्तरांनी बाईंच्या हातांकडे पाहिलं आणि वही आपल्या मांडीखाली सरकवली.

"आधी बाईंकडून थोडी चिंच मागून घे. उरलेल्या समया तू घास."