गवळणीने झोप दिली

फार मागे, नदीच्या वळणावर एक लहानसं गाव होतं. त्या गावात एक गवळण, एक माळीण आणि एक कासारीण अशा तिघी जिवाभावाच्या मैत्रिणी राहत. दुपारची कामं उरकली की तिघी देवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसत. हातांनी वाती वळायच्या आणि तोंडाने जगाचा विचार करायचा, असा त्यांचा नेम होता.

एके दिवशी गवळण म्हणाली, "आपण जगून जगून किती जगणार गं? त्यातही निम्मं झोपेत जातं. माझ्या लेकीला बारा वर्षांनी दिवस गेलेत. नातवंडाचं लग्न बघायचंय मला. एवढं आयुष्य कुठून आणू?"

कासारीण हसली. "झोपेत गेलेलं आयुष्य परत मिळत असतं ना, तर आमच्या घरधन्याला हजार वर्षं मिळाली असती."

माळीण म्हणाली, "बायांनो, झोप आहे म्हणून माणूस बरा आहे. जागेपणी किती जणांची उणीदुणी काढतो आपण! निदान झोपेत तरी तोंड बंद असतं."

तिघी हसल्या. गवळणीच्या मनातून मात्र ते गेलं नाही.

देवीने हे ऐकलं. ती म्हातारीचं रूप घेऊन, कपाळी मळवट भरून, हातात परडी घेऊन पायऱ्यांवर आली. म्हणाली, "तुमची झोप या परडीत टाका. जितके दिवस जागाल, तितकं आयुष्य वाढेल. नको झालं, तर मिळालेलं परत करून झोप घेऊन जा."

माळीण म्हणाली, "मला बाई माझी झोप हवी." कासारीण म्हणाली, "मी तर आत्ताच जांभया देतेय." गवळणीने हात जोडले आणि आपली झोप परडीत टाकली.

पहिले आठ दिवस मोठे छान गेले. गवळणीने लाख वातींचा संकल्प सोडला होता, तो भराभर पुढे सरकला. गोठा आरशासारखा झाला. ती म्हणायची, "किती वेळ होता गं हा, आणि मी वाया घालवत होते!"

नवव्या दिवशी माळीण ताक पिताना थट्टेने म्हणाली, "आज ताक आहे की ताकाचं भांडं धुतलेलं पाणी?"

असली थट्टा रोजचीच. एरवी गवळणीला राग यायचा, पण निजून उठलं की तो आठवायचाही नाही. आता निजणंच नव्हतं, त्यामुळे सकाळ अशी होईचना. दिवस मावळायचा, उजाडायचं, पण तिच्या मनात तो कालचाच दिवस चालू असायचा. ती तेच बोलणं उलटून पालटून बघत बसली. मग त्याच्या मागचं आठवलं. त्याच्याही मागचं आठवलं. लेकीच्या लग्नात कासारणीने एक बांगडी पिचकी दिली होती, तेही आठवलं. महिनाभरात तिने दोघींशी बोलणं टाकलं. देवळाच्या पायऱ्यांवर ती येईनाशी झाली.

अशात देवीच्या दहीभाताच्या नैवेद्याचा दिवस आला. त्या दिवशी दह्याचं पहिलं गाडगं गवळणीच्या घरून जायचं, हा गावाचा रिवाज. तिने आदल्या संध्याकाळी तीन गाडग्यांत विरजण लावलं. सकाळी पाहते तर एकातही दही लागलेलं नाही. तळाशी चोथा आणि वर पाणी.

दोघी मैत्रिणी दही न्यायला आल्या. त्यांना बघताच गवळण कडाडली, "आलात? तुमचीच नजर लागली माझ्या दह्याला!"

माळणीचे डोळे भरून आले. कासारणीने वाकून गाडग्यात पाहिलं आणि विचारलं, "झाकण किती वेळा काढलंस?"

"रात्रभर बघत होते. लागलं का, लागलं का. गाडगं हलवूनही पाहिलं."

"अगं, मी या गावात नवी सून म्हणून आले, तेव्हा विरजण लावायला तूच शिकवलंस मला. म्हणाली होतीस, लावलं की झाकायचं आणि आपण निजायचं. सारखं ढवळलं तर ते जमायचं कसं?"

गवळणीने गाडग्यावर झाकण ठेवलं. मग हळूच म्हणाली, "माळणी, त्या ताकात खरंच पाणी जास्त होतं गं. आणि मी महिनाभर तेच ढवळत बसले."

ती तशीच उठली आणि देवळात गेली. "आई, माझी झोप परत दे. नातवंडाचं लग्न तुझ्या मनात असेल तर बघेन. वाढलेले दिवस घे."

गाभाऱ्यातून आवाज आला, "कुठले दिवस? ते तर तू रुसण्यात खर्च केलेस. माझ्या हाती द्यायला तुझ्याकडे काही उरलंय का? जा, झोप घेऊन जा."

त्या वर्षी देवीला दहीभाताऐवजी दूधभात गेला आणि देवीने तो गोड मानून घेतला. गवळण मात्र नैवेद्य दाखवून पायरीवर टेकली, ती माळणीच्या मांडीवरच निजली. कासारीण पदराने माश्या वारत बसली.

"घोरतेय बघ," कासारीण म्हणाली. "आयुष्य कमी होतंय हिचं."

"हळू बोल," माळीण म्हणाली. "उठली की पहिल्यासारखी होईल."

आणि झालीही. गवळणीला लागली तशी निवांत झोप तुम्हां-आम्हां सगळ्यांच्या डोळ्यांना लागो.

तात्पर्य: देवाने झोप दिली ती कालचा राग काल संपावा म्हणून. जो हा राग संपवत नाही, त्याचं आयुष्य वाढलं तरी त्याला नवा दिवस मिळत नाही.