कचकड्याचा घाम

“आजारी कोणती, तेवढं बोट ठेवून दाखवा अम्मा. बाकीच्यांना मी वाचवते.”

हलिमाबी बशीतला चहा फुंकत होत्या. फुंकणं काही थांबलं नाही.

समोर अंगणातल्या खाटेवर सात डबे ओळीने मांडले होते. चपटे, स्टीलचे. प्रत्येकाच्या झाकणाला रबराची कडी, कडीवर चिकटपट्टीचे तीन वेढे, आणि सगळ्यांवर मिळून एक ओला पंचा. उन्हाळ्यात आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

चारुलता टिपणीस हे डबे घेऊन पुण्याहून मिरजेला नऊ तासांत पोचली होती. आतला माल कचकड्याचा, जुन्या सेल्युलॉइडचा, आणि कचकडा तापला तर भपकन पेटतो, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून गाडी तिने अशी हाकली, की कराडच्या पुढे एक ट्रॅक्टर तिला मागे टाकून गेला, मग थांबला, आणि ट्रॅक्टरवाल्याने उतरून विचारलं, “ताई, ढकलू का?” असं तो ट्रॅक्टरवाला सांगतो. आणि एवढं बारीक कुणी उगाच बनवून सांगत नाही.

डब्यांत दागिने होते. सोन्याचे नव्हेत, प्लास्टिकचे. पण पणजीच्या काळातलं प्लास्टिक. कचकड्याच्या बांगड्या, फण्या, अंबाड्याचे आकडे, बेकेलाइटची कर्णफुलं, मण्यांच्या माळा. लोक जे भंगारात देतात, ते चारुलताने वीस वर्षं जत्रांतून, जुन्या बाजारांतून आणि गेलेल्या बायकांच्या ट्रंकांतून वेचलं होतं.

ओळखायची विद्या मात्र हलिमाबींची. दर्ग्यामागच्या बोळातलं हे मणेरांचं घर, आणि साठ वर्षं जत्रेजत्रेत बांगड्या भरलेली ही बाई. त्यांनीच शिकवलं होतं, अंगठ्याने घासायचं, ऊब आली की नाकाशी न्यायचं. कापराचा वास आला तर कचकडा. दवाखान्याचा आला तर बेकेलाइट. काहीच आला नाही तर कालचा माल. त्यांच्या नाकाची ख्याती एवढी, की म्हणे नुसती फणी हुंगून त्या सांगत, मालकिणीचं सासूशी पटत होतं की नाही.

आता चारुलताचंही नाव झालं होतं. लोक तिला भाषणाला बोलवत. ती पांढरे हातमोजे घालून एकेक फणी उचलायची, आणि पहिल्या रांगेतल्या बायका श्वास रोखायच्या.

आणि तीन आठवड्यांपूर्वी एका बांगडीला घाम फुटला.

खरोखरचा घाम. पिवळट, चिकट, मोहरीएवढा थेंब. डबा उघडला तर कापराऐवजी आंबट, नाकात चढणारा वास. कचकडा सडू लागला की असंच होतं. आणि वाईट ते पुढेच. एकीची वाफ शेजारणीला लागते, शेजारणीची तिच्या शेजारणीला.

“किती दिवस झाले?” हलिमाबींनी विचारलं.

“एकवीस.”

“मग काय केलंस?”

“झाकणं घट्ट केली.”

“मग?”

“मग दुसऱ्या डब्यातही वास यायला लागला.”

“मग?”

“आणखी घट्ट केली.”

हलिमाबींनी बशी खाली ठेवली.

“आता किती डबे आंबलेत?”

“पाच,” चारुलता म्हणाली. “म्हणून तर आले. मला तर प्रत्येक डब्यातली प्रत्येकच आजारी वाटते. तुमचं नाक खरं. एकदा आजारी बाजूला काढल्या, की उरलेल्या मी अशा बंद करेन, की वाऱ्यालासुद्धा पत्ता लागणार नाही.”

…

मोरीपाशी हलिमाबींची सून नसीम राखेने कढई घासत होती. घासताना तिच्या मनगटावर काहीतरी हिरवं वरखाली होत होतं. चारुलताची नजर तिथे गेली आणि तिथेच अडकली.

हिरवी बांगडी. कडेला बारीक खडे.

तिच्या चौथ्या डब्यात, बटरपेपरच्या चार घड्यांत, कापसाच्या गादीवर जी निजली होती, तिची सख्खी बहीण.

“अहो, ती काढा आधी!”

नसीमने मान वर केली. “का? चोरीची हाय व्हय?”

“राख लागतेय तिला. साबण लागतोय. ऐंशी वर्षांची आहे ती.”

“मग? सासू नव्वदीची हाय. तिला तर रोज साबण लावते मी.”

हलिमाबी हसल्या. दात नव्हते, त्यामुळे हसू पुष्कळ दिसलं.

चारुलताला हसायला सुचलं नाही. ती मोरीवर गेली, नसीमचा राखेचा हात तिने तसाच धरला, बांगडीवर अंगठा घासला आणि वाकून वास घेतला.

स्वच्छ कापूर. कालच बरणीतून काढल्यासारखा.

“काय लावता हिला?”

“हिला कोण काय लावतंय?”

“मग ठेवता कुठे? डबीत? कपाटात?”

नसीमने सासूकडे पाहिलं, या बाईला काही होतंय का, अशा नजरेने.

“हातात,” ती म्हणाली, आणि पुन्हा कढईला लागली.

…

“तुझी लाडकी ज्यात हाय, तो उघड,” हलिमाबी म्हणाल्या.

“उघडला तर हवा लागेल.”

“हवेविना तर आंबल्यात. उघड की.”

चिकटपट्टी निघताना करकरली. पहिला वेढा, दुसरा, तिसरा. झाकण उचललं आणि तो वास अंगणात आला. पत्र्यावरचं मांजर उठून दुसऱ्या पत्र्यावर गेलं.

चारुलताने बटरपेपरची एकेक घडी उलगडली. बांगडीला घाम नव्हता. तिने सुटकेचा श्वास घेतला, बांगडी कागदातच धरून उजेडात फिरवली, आणि तो श्वास तसाच छातीत राहिला. आतल्या बाजूला एक रेघ होती. केसाएवढी. परवापर्यंत नव्हती.

ती खाटेच्या कडेवर बसली.

“अम्मा, ही जगेल का?”

“घातली होतीस कधी?”

“घालायची? मी हातमोज्याशिवाय शिवत नाही तिला. अंगाचा घाम लागतो.”

“शेजारणींना आधीच सुटायला लागलाय की. तुझ्या घामाला काय भ्यायचं?”

“लागण शेजारणीची आहे ही. मी सांगितलं ना तुम्हाला. आजारी तेवढी शोधून द्या, मी लगेच निघते. संध्याकाळच्या आत पुन्हा बंद करायला हवेत सगळे.”

“डावा हात दे.”

“अम्मा, ही दोन-चारची आहे. माझा हात दोन-सहाचा.”

“मला मापं शिकवतीस?”

साठ वर्षं ज्या आवाजाने जत्रेतल्या बायका मुकाट समोर बसल्या होत्या, तोच हा आवाज. चारुलताचा डावा हात पुढे गेला. उजवा गेला नाही. उजव्याने तिने चौथ्या डब्याचं झाकण पुन्हा लावलं होतं आणि वरून पंजा दाबून धरला होता. डबा उडून जाणार असल्यासारखा.

हलिमाबींनी तिचा अंगठा तळहातात दुमडला. बोटं एकत्र केली, पेरं मळली. मग बाहेरच राहिलेली ती हिरवी बांगडी चढवली. बोटं गेली. अंगठ्याचा उंचवटा आला, आणि बांगडी तिथे थांबली.

“काढा.”

“मागं येत नाही आता.”

“अम्मा, ती रेघ…”

“बघितली.”

“वाढेल ती. तडकेल.”

“हात दगडाचा केलायस. कुणाला मारायला निघालीस?”

“भीती वाटतेय मला.”

“ते बोटांनी मघाच सांगितलं.”

…

बांगडी हाडावर रुतली होती. चारुलताला मनगटातली नाडी बांगडीच्या कडेवर आपटताना जाणवत होती. प्रत्येक ठोक्याला वाटायचं, ही गेली. वीस वर्षांत तिच्या हातून एक मणी फुटला नव्हता. तिने डोळे गच्च मिटले. मिटल्यावर तो आंबट वास आणखी जवळ आला. कपाळावर, ओठावर, बांगडीखालच्या कातडीवर घाम जमला, आणि तो घाम बांगडीला लागतोय, या विचाराने आणखी सुटला.

“मालक काय करतात तुझे?” हलिमाबींनी सहज विचारलं.

बांगड्या भरणारी प्रत्येक बाई हे विचारते. घरचं, दारचं, सुनेचं, पावण्यांचं. चारुलताने हे शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि तरीही ती उत्तर द्यायला लागली.

“बँकेत होते. आता निवृत्त. गच्चीत कुंड्या आहेत, त्यांना पाणी…”

टक्.

एवढासाच आवाज. चणा दाताखाली फुटल्यासारखा. किंवा बांगडी हाडावरून उतरून मनगटावर आपटल्यासारखा.

मोरीवरचं घासणं थांबलं.

चारुलताने डोळे उघडले नाहीत. डावा हात हवेत तसाच राहिला. त्याच्याकडून काहीच कळेना. जड वाटत होता, हलका वाटत होता, आपला वाटतच नव्हता. उजवा पंजा झाकणावर अजून दाबलेला होता, पांढरा पडलेला.

“अम्मा… तुटली?”

…

“अम्मा?”

…

हलिमाबींनी पदराला बोटं पुसली.

“झाकण सोड. दुसरा हात दे,” त्या म्हणाल्या.