कौसाबाईंची टायरची पट्टी

वाहतूक शाखेच्या जगदाळेसाहेबांना दोनच गोष्टींचा अभिमान होता, नियमाचा आणि आपल्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाचा. चिखलाने भरलेल्या चौकात त्यांनी फुलवाल्या कौसाबाईंची मोटारसायकल अडवली. मागच्या मडगार्डला बाईंनी जुन्या टायरची लांब पट्टी जोडली होती.

"कंपनीनं दिलेली नाही ही. काढा, आणि रस्ता मोकळा करा."

उशीर झाला तर फुलं कोमेजणार होती, तरी बाईंनी पान्याने पट्टी सोडवली. तेवढ्यात गाडीमागे जमलेले बघे झटकन बाजूला सरकले.

"काढली, साहेब. पण गाडी धक्क्याशिवाय सुरू होत नाही. मागून जरा ढकलता का?"

साहेबांनी मागच्या चाकाखालचं डबकं पाहिलं, मग शर्ट पाहिला.

"पाना द्या इकडं," ते म्हणाले. "पट्टी मीच बसवतो."