घोंगडीवरचा शब्द

एका गावात एक घोंगडी होती. काळी, जाड, दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडलेली. चावडीच्या ओट्यावर ती अंथरली आणि पाटील तिच्यावर बसला की गाव गोळा व्हायचं. त्या घोंगडीवरून जो शब्द निघेल तो गावाचा शब्द, असा तिथला रिवाज होता. कागद नको, अंगठा नको. शब्द दिला की संपलं.

गावाचं नाव तेवढं विचारू नका. सांगितलं तर तिथले लोक भांडायला येतील आणि बाकीचे म्हणतील, आमच्याकडं बुवा असलं काही होत नाही. हे दोन्ही ऐकून घ्यायची माझी ताकद आता राहिलेली नाही.

तर हे गाव नदीकाठी होतं. वरच्या आळीत देवीचं देऊळ, खालच्या आळीत पीराचा दर्गा. देवीच्या पालखीपुढं खालच्या आळीचे लोक ताशा वाजवायचे. उरुसात दर्ग्यावर पहिली चादर पाटलाच्या घरची चढायची. पाटलाचं नावच मुळी सुभानराव. त्याच्या आईला मूल होत नव्हतं, तिनं पीराला नवस केला आणि मग हे रत्न जन्माला आलं. म्हणून त्याचं नाव पीराच्या वळणाचं, सुभान. पुढं हा काय दिवे लावणार हे पीरालाही तेव्हा ठाऊक नसावं.

भांडणं व्हायची, नाही असं नाही. गाव म्हटलं की बांधावरून, शेळीवरून, कुंपणावरून भांडण आलंच. पण ती घोंगडीसमोर मिटायची.

घोंगडीची खरी कसोटी लागायची पुरात. नदी फार फुगली की गावापुढच्या मातीच्या बांधाला ती पेलायची नाही. मग गाव बांध एका कडेला आपल्या हातानं फोडायचं आणि पाण्याला कुणाच्या तरी शेतातून जाऊ द्यायचं. याला ते लोक 'नदीला वाट देणं' म्हणत. ज्याच्या शेतातून वाट दिली, त्याचं उभं पीक जायचं, पण गाव वाचायचं. मग वर्षभर घरोघरचे लोक त्याच्या घरी धान्य घालायचे. एका पुरात वरच्या आळीचं शेत, पुढच्या पुरात खालच्या आळीचं. पाटील घोंगडीवर बसून म्हणायचा, "तुझं पीक गेलं, ते गावाचं गेलं. तुला गाव पोसेल." एवढ्या एका वाक्यावर माणूस स्वतः कुदळ घेऊन आपल्या पिकात पाणी सोडायचा. अहो, भावाभावांत एवढा विश्वास राहिलेला नाही आजकाल!

सुभानराव माणूस वाईट नव्हता. हेच तर दुखणं आहे. वाईट माणूस ओळखता तरी येतो. ह्याला एकच हाव होती, गर्दीची. देवीच्या जत्रेत तो बोलायला उभा राहिला की म्हातारे डुलक्या काढायचे आणि बायका पोरांची नाकं पुसत बसायच्या. शेजारच्या गावच्या जत्रेला मात्र मुंगीला शिरायला जागा नव्हती. का, तर तिथं वज्रानंद महाराजांना बोलावलं होतं.

हे वज्रानंद याही गावात एकदा येऊन गेले होते. आपले आपण आले, बाजारात चिंचेखाली उभे राहिले आणि खालच्या आळीच्या नावानं घसा कोरडा पडेपर्यंत ओरडले. लोकांनी भजी खात ऐकलं आणि मिरच्या घ्यायला निघून गेले. कुणी त्यांचं तोंड दाबलं नाही, कुणी खडा मारला नाही. महाराज ओरडले, दमले, गेले. गावाचं काही बिघडलं नाही.

ते तसंच राहू द्यायचं की नाही? पण नाही! विकतचं दुखणं घेतल्याशिवाय आमच्या पाटलाला चैन पडेना. त्यानं महाराजांना जत्रेचं आवतण दिलं. तेही चिंचेखाली बोलायचं नव्हे, चावडीवर, घोंगडीवर, आपल्या शेजारी बसून बोलायचं.

पाटलाची बायको सगुणाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, त्या माणसाच्या तोंडाला झाकण नाही. कशाला आणताय त्याला?"

"तोंड त्याचं, घोंगडी आपली," पाटील म्हणाला. "आपलं काय जातंय? गर्दी किती होईल ते बघ!"

झाली. गर्दी झाली. झाडांवर माणसं चढली. पाटलानं नवा फेटा बांधला होता. महाराज घोंगडीवर बसले आणि उचलली जीभ लावली टाळ्याला! म्हणाले, पीराचा नवस म्हणजे पाप. म्हणाले, ज्यानं आपल्या पोराला त्यांचं नाव ठेवलं त्यानं कुळ बुडवलं. सगळ्या गावानं सुभानरावाकडं पाहिलं. त्याला वाटलं, लोक फेटा बघतायत. तो हसला. आता अशा माणसापुढं कपाळ बडवावं की आणखी काय करावं, तुम्हीच सांगा.

शेवटी महाराज म्हणाले, "खालच्या आळीला जो दाणा देईल तो धर्मबुडवा! हात वर करून आण घ्या!"

हात वर झाले. रामा सुतारानंही केला. हा रामा वरच्या आळीचा, साधा माणूस. चिंचेखाली हेच बोलणं ऐकून तो हसला होता. पण आज पाटील शेजारी बसलेला. घोंगडीवरनं सांगतायत म्हणजे गावानं ठरवलंच असणार, असं त्याला वाटलं. रिवाजच तसा होता.

गर्दीच्या मागं दस्तगीर मुजावर उभा होता. दर्ग्याची झाडलोट, दिवाबत्ती त्याच्याकडं होती. पालखीपुढं वाजवायचा म्हणून गळ्यात ताशा अडकवून तो आला होता. त्यानं ताशा उतरवून काखेत मारला आणि घरी गेला. त्या वर्षी पालखी मुकाट्यानं फिरली.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर पाटलाच्या दारात आला. "पाटील, कालचं बोलणं तुमचं व्हतं का?"

"छे छे! मी कुठं काय बोललो? पाहुणा बोलला."

"मग तेवढंच घोंगडीवर बसून सांगा. येक वाक्य. आमचं मन निवंल."

पाटलानं मान खाजवली. "सांगेन रे. पण आता लगेच नको. लोक दुखावतील. काल केवढी गर्दी होती, बघितलीस ना?"

बघितली होती की! तीच तर त्याच्या काळजात घुसली होती. एक वाक्य मागायला आलेला माणूस रिकाम्या हातानं गेला, आणि पाटलाला त्याचं काही वाटलं नाही.

पण खालची आळी रुसली, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं. मग त्याला अक्कल सुचली. कसली म्हणता? ऐका आणि डोकं धरून बसा. त्यानं उरुसाला मौलवी जलालुद्दीनना बोलावलं. हे कोण? तर वज्रानंदांचाच दुसरा अवतार, फक्त तोंड पलीकडं वळवलेला. त्यांनाही तीच घोंगडी, तोच मान, शेजारी तोच पाटील. मौलवी गरजले, "वरच्या आळीवर भरवसा ठेवेल तो ईमान विकेल! त्यांच्यासाठी मूठभर माती हलवू नका, त्यांच्या घरी दाणा घालू नका! कसम घ्या!" खालच्या आळीचे हात वर झाले.

सुभानराव खुशीत घरी आला. "बघ, दोघांना सारखा मान दिला. तराजू कसा समतोल! आता कोण मला नाव ठेवेल?"

सगुणाबाईनं परात आपटली. "एका डोळ्यात तिखट गेलं म्हणून दुसऱ्यात कुणी घालतं का हो?"

"तुला राजकारणातलं कळत नाही," पाटील म्हणाला. हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं त्याला स्वतःला काय कळत असतं, हे एकदा मला कुणीतरी समजावून सांगा.

मग पावसाळा आला. पाऊस थांबायचं नावच घेईना. एका सकाळी नदीचं पाणी लाल झालं, दुपारपर्यंत बांधाच्या माथ्याला टेकलं. बांध जागोजागी पाझरायला लागला. वाट द्यायलाच हवी होती, आणि लगेच द्यायला हवी होती. या खेपेला पाळी होती खालच्या आळीची, दस्तगीरच्या शेताची. भुईमूग गुडघ्याला लागला होता. घरात खाणारी सात तोंडं, आणि तेवढं एकच शेत.

सगळं गाव बांधावर जमलं. दस्तगीर कुदळ घेऊन आला होता, हे लक्षात ठेवा. त्यानं विचारलं एवढंच, "पाटील, म्या वाट देतो. पर वरीसभर माझ्या पोरांस्नी दाणा कोण घालणार?"

"गाव घालेल."

"कुठलं गाव? हे?" त्यानं वरच्या आळीकडं बोट केलं. "ह्यांनी तर आण घेतलीया. तुमच्या म्होरं. तुम्ही मान डोलवत व्हता."

"मी मान डोलवली नाही रे! माशी हाकलत होतो!"

पाटील रामाकडं वळला. "रामा, सांग त्याला. द्याल ना दाणा?"

रामानं खाली बघितलं. "द्यावासा वाटतो, पाटील. पर आण मोडली तर आळीत कोण पाणी देणार न्हाई मला. आणि ती आण घोंगडीवरची हाय. आमच्या बापजाद्यांनी ती कवा मोडली न्हाई."

"बरं, मग तुझ्या शेतातनं वाट देऊ. पुढची पाळी तुझीच आहे."

"आणि मला कोण पोसणार? निम्मं गाव खालची आळी. त्यांनी बी कसम खाल्लीया. ती बी तुमच्याच घोंगडीवरची."

आता पाटील हबकला. धावत चावडीवर गेला, घोंगडी डोक्यावर घेऊन आला आणि भर चिखलात अंथरून तिच्यावर बसला. अंगावरून पाणी निथळत होतं. हात जोडून ओरडला, "मी शब्द देतो! मी, सुभानराव पाटील! ज्याचं पीक जाईल त्याला गाव पोसेल!"

"ह्या घोंगडीवरनं ह्या साली दोन शब्द आल्यात," दस्तगीर म्हणाला. "ह्यो तिसरा. ह्यातला गावाचा कंचा?"

पाटील घोंगडीचा ओला काठ पिळत राहिला. उत्तर द्यायचं असतं तर ते जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, दारात, एका वाक्यात देता आलं असतं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो हाच. लोक एकमेकांवर ओरडत राहिले. कुणी म्हणे इकडून फोडा, कुणी म्हणे तिकडून. दस्तगीरकडं कुदळ होती, रामाकडंही होती. दोन्ही कुदळी खांद्यावरच राहिल्या.

नदी काही कुणासाठी थांबत नाही. तिनं आपली वाट आपण केली. बांध बरोबर मधोमध फुटला आणि पाणी सरळ गावात शिरलं. माणसं माळावर पळाली म्हणून वाचली. गुरं दाव्याला बांधलेली होती, ती तशीच गेली. देवळाचा सभामंडप गेला, दर्ग्याची भिंत गेली. रामाचं घर हत्यारांसकट गेलं. आणि ज्या भुईमुगासाठी दस्तगीर अडून बसला असं पाटील नंतर सांगत फिरला, तो भुईमूगही गेला. पाटलाचं घर राहिलं असेल असं वाटलं काय तुम्हाला? तेही गेलं. वज्रानंद त्या वेळी दुसऱ्या गावात दुसऱ्या घोंगडीवर होते आणि जलालुद्दीन तिसरीवर. दोघांच्याही पायाला चिखल लागला नाही. कधी लागतच नाही.

पाऊस उघडल्यावर माळावर गाव बसलं होतं ते दोन ढिगांत. मधे मोकळी जागा. पोरं उपाशी रडत होती. वरच्या आळीनं थोडं पीठ वाचवलं होतं, खालच्या आळीनं चार शेळ्या. पुराच्या गढूळ पाण्यात कालवता येईना म्हणून पीठवाले कोरडं पीठ फक्त बघत होते, आणि शेळ्यांचं दूध असलेल्यांना भाकरी नव्हती. ठरवायला हवं होतं. जगायचं तर त्याच दिवशी ठरवायला हवं होतं.

सुभानराव उठला. मधल्या जागेत त्यानं घोंगडी अंथरली आणि सवयीनं तिच्यावर मधोमध बसला. "या," तो म्हणाला. "बसा. काय ते ठरवू."

कुणीही हललं नाही.

"अरे या ना! मी तुमचं काय वाईट केलं? मी कुठं काय बोललो होतो?"

"नाही बोललात," सगुणाबाई म्हणाली. ती मागं उभी होती, लुगडं चिखलानं भरलेलं. "शेजारी बसून गप्प बसलात. ते सगळ्यांनी ऐकलं."

तरी तो बसूनच होता. त्याला अजून वाटत होतं की कुणीतरी येईल. शेवटी रामा सुतार जवळ आला. रागावलेला नव्हता तो. फार थकलेला होता.

"पाटील," तो म्हणाला, "आम्हास्नी बसायचं हाय. तुम्ही उठा."

सुभानरावानं दस्तगीरकडं बघितलं. निदान तो तरी नको म्हणेल असं त्याला वाटलं असावं. दस्तगीर म्हणाला, "उठा पाटील. पोरं भुकेली हायत."

सुभानराव उठला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. मग रामा घोंगडीच्या एका कडेला बसला, दस्तगीर दुसऱ्या कडेला. पीठ आणि दूध मधे आलं.

तात्पर्य: आणि हे पुन्हा सांगायला लावू नका. ज्या जागेवरचा शब्द लोक सगळ्यांचा म्हणून मानतात, ती जागा धर्माच्या नावानं फूट पाडणाऱ्याला देणारा पुढारी स्वतः गप्प बसला, तरी ते बोलणं त्याचंच ठरतं. दोन्हीकडच्या भडकवणाऱ्यांना सारखा मान दिल्यानं न्याय होत नाही, नुकसान दुप्पट होतं. आणि मग संकटात त्याला स्वतःचा शब्द द्यायचा असतो, तेव्हा तो घ्यायला कुणी उरत नाही.