कुंचीची पाकळी

चांदणीची गोधडी बघायला आलात, तर आधी बसा, पाणी प्या. ती बघा, दोरीवर वाळत घातलीय. दर वर्षी दसऱ्याआधी तिला ऊन दाखवतो. एरवी ती पेटीतून निघते ती घरात बाळ आल्यावरच. मधे आठ पाकळ्यांची चांदणी आहे. सात पाकळ्या जुन्या लुगड्यांच्या नि धोतरांच्या. आठवी खणाची, पार विटलेली. शहरातली माणसं हटकून विचारतात, तेवढं एक ठिगळ बदलत का नाही? अहो, त्या ठिगळासाठीच तर बाकीची गोधडी जपलीय.

या आंबेजळ वाडीत पूर्वी आमचं कोंढाळकरांचं धरून नऊ घरं होती म्हणे. बांधापलीकडे शेडगे. त्यांचं नि आमचं त्या बांधावरून वाकडं आलं. भांडण हातभर मातीचं, पण आमच्या घराण्याचा हट्ट असा, की गाढवानं मान खाली घालावी. आमच्या पूर्वजांनी शेडग्यांची गावाकडची वाट काट्यांनी बंद केली. त्याच पावसाळ्यात ठकूबाई शेडगेचा तान्हा गोंदा तापानं फणफणला. वैद्याकडे न्यायचं, तर डोंगराला वळसा घालावा लागला. पोचेपर्यंत पोर गेलं.

पुढे आमच्या घरात गिरजा सून होऊन आली. तिची दोन बाळं पाठोपाठ गेली. पुन्हा दिवस राहिले, तेव्हा सासूनं सांगितलं, की वाडीतल्या प्रत्येक घरून चिंधी मागून आण आणि तिची गोधडी शिव. मग मूल एकटीचं राहत नाही, सगळ्या वाडीचं होतं, आणि जगतं. सात घरांनी दिली. उरलं शेडग्यांचं. ते सोड, तिथं आपलंच कापड लाव, असं सासूचं म्हणणं. गिरजाच्या मनानं मात्र घेतलं होतं, की ज्या घरानं दुसऱ्याचं लेकरू घालवलं, त्या घरात आपलं कसं राहील? सात पाकळ्यांची चांदणी पुढ्यात घेऊन ती नुसती बसून राहायची, असं सांगतात.

एका सकाळी ती उठली आणि वाटेवरचे काटे हातांनी ओढून काढू लागली. पोट पुढं आलेलं, हात रक्तानं भरलेले. नवरा ओरडत राहिला, ती थांबली नाही. वाट मोकळी झाली तशी थेट ठकूबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"वाट मोकळी केलीया, ठकूकाकी. लई उशीर झाला, ठावं हाय मला. एक चिंधी द्या."

ठकूबाई आत गेली आणि गोंदाची खणाची कुंची घेऊन आली. तेवढंच त्याचं मागं उरलं होतं.

गिरजा कुंची घेऊन घरी आली, तर सासूनं उंबऱ्यातच अडवलं. गेलेल्या लेकराचं कापड गरोदर बाईनं घरात आणायचं म्हणजे केवढा अपशकुन. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या.

"बाधायचं ते आपलं कुंपान बाधलं," गिरजा म्हणाली. "ह्ये न्हाई बाधायचं."

आठवी पाकळी तिनं त्या कुंचीची लावली. मूल जगलं. त्याच्याच वंशातला मी, म्हणून आज तुमच्यापुढे बसून बोलतोय.

आजही आम्ही त्या बांधावर कुंपण घालत नाही. गुरं शिरतात, उभं पीक खातात, ते सोसतो. घरात बाळ आलं, की शेडग्यांच्या घरची बाई त्याच वाटेनं येते आणि बाळाला गोधडीवर निजवते, डोकं बरोबर कुंचीच्या पाकळीवर. मग कानात नाव सांगायचं. पहिलं नाव गोंदा. मुलगी असली तरी गोंदाच. त्यानंतर बाळाचं स्वतःचं.